सतर कुणासाठी?

प्रिय खाला,

सलाम. कब्रस्तानाजवळून जाताना आतल्या लोकांना सलाम करावा असं तूच शिकवलंस, म्हणून सुरुवात सलामानं. मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं चालतं का, हे मी कुणाला विचारलेलं नाही. विचारलं तर नाही म्हणतील आणि मग लिहिता येणार नाही. गेल्या वर्षीच्या हिशेबाच्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. कोरी पानं टाकून देणं माझ्यानं होत नाही, ते तुला ठाऊक आहे.

काल तुझ्या घरी गेले होते. तुझ्या चाळिसाव्याच्या जेवणाला आमची मोठी देगची नेली होती, ती आणायला. तुझ्या सुनेनं, नसरीननं, ती घासून ओसरीवरच पालथी घालून ठेवली होती. मला आत यायचं कारण उरू नये म्हणून. तरी मी आत गेले. मागच्या खोलीच्या दारातून खालूंना, तुझ्या मालकांना, बघून आले.

खाला, खालूंची गत तुझ्यासारखीच होत चालली आहे. त्याच खाटेवर. आणि त्यात माझ्या तोंडाचा वाटा आहे. हे तुला सांगितल्याशिवाय मला दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही, म्हणून हे पत्र.

आई गेली तेव्हा मी नुकती मॅट्रिक झाले होते. दिंद्रुडहून तू मला उचलून आणलंस आणि इथं लिंबागणेशला, तुझ्याच गल्लीत माझं लग्न लावून दिलंस. 'बहिणीची पोरगी डोळ्यासमोर असावी,' म्हणालीस. मला वाटायचं हे प्रेमापोटी. पुढं कळलं की तुला एक वाचणारं माणूस पण हवं होतं.

गल्लीत कुणी बाई वारली की तिला शेवटची आंघोळ, गुस्ल, तूच घालायचीस. बाईला बाईनंच घालायची असते, आणि हे काम करायला कुणी पुढं येत नसे. बीडहून कुणी तरी गुस्लच्या तरीक्याचं एक बारकं मराठी पुस्तक आणलं आणि तू मला पहिल्यांदा बरोबर नेलंस. 'तू मॅट्रिक हायस. तू वाच, मी करते. माझं कुठं चुकतंय का बघू.' एका ठिकाणी चुकलं. तू कापूर पहिल्या पाण्यापासून टाकायचीस, पुस्तकात तो शेवटच्या पाण्यात होता. तू म्हणालीस, 'आत्तापर्यंतच्या बायकांनी तर तक्रार केली न्हाई.' पण पुढच्या वेळेपासून शेवटच्या पाण्यातच टाकायला लागलीस.

त्या पहिल्या दिवशी मी पुस्तक छातीशी धरून कोपऱ्यात उभी होते. समोर तख्त्यावर गल्लीतली सगळ्यांत भांडखोर म्हातारी. तू माझ्याकडं बघून म्हणालीस, 'जिती होती तवा हिच्या शिव्या ऐकून घेतल्यास. आता गप पडलीय तर कावून भितीस?' मला हसू आलं आणि भीती गेली. मग कळलं की मय्यतीजवळ मुद्दाम हसवणं ही पण तुझी एक रीत होती, नव्या बाईला उभं करायची.

तेव्हाच तू मला तो शब्द दिलास. सतर.

शब्द अरबी. अर्थ साधा: झाकणं, आडोसा करणं. अंगाचा जो भाग दुसऱ्याला दिसू द्यायचा नाही त्यालाही सतर म्हणतात. मय्यतीवर बेंबीपासून गुडघ्यापर्यंत चादर असते, ती तिची सतर. तिच्या आत बघायचं नाही. हाताला कापड गुंडाळून, चादरीखालून धुवायचं, नजर दुसरीकडं. पण तू म्हणालीस की खरी सतर आंघोळ संपल्यावर सुरू होते. अंगावर काय दिसलं, डाग, व्यंग, वळ, चेहऱ्याचा बिघडलेला रंग, ते धुणारीनं कुणाला सांगायचं नाही. चांगलं दिसलं, चेहरा शांत दिसला, तर जरूर सांगावं. वाईट दिसलं तर ते तिच्याबरोबर मातीत गेलं पाहिजे. जी धुणारी असं झाकते तिचे गुन्हे अल्लाह माफ करतो. त्याचं एक नावच सत्तार आहे, झाकणारा. 'त्यानं आपलं सगळ्यांचं झाकलंय,' तू म्हणायचीस, 'म्हणून आपण गल्लीतून ताठ चालतो.'

आंघोळ झाली की बायका तुला गराडा घालायच्या. 'कशी होती हो? चेहरा काळा पडला होता का?' तू ओढणी सारखी करत म्हणायचीस, 'माझी नजर अधू हाय बायांनो. मला काय दिसतंय?' आणि घरी येऊन चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायचीस.

मी शिकले. बोरीची पानं किती, पाणी किती कोमट, साबण किती. माझ्या हिशेबी स्वभावाला तू हसायचीस. मी कापराच्या वड्या मोजून काढायची तेव्हा म्हणायचीस, 'रज्जू, तू मरशील तवा फरिश्त्यांकडून पण पावती मागशील.' तुझे गुडघे धरले तशी मी पुढं झाले आणि तू बाजूला खुर्चीवर बसून सांगायला लागलीस. नव्या मुलींना सतर समजावून सांगायचं कामही तू माझ्यावर टाकलंस. मी चांगलं सांगते असं सगळ्या म्हणतात. मला त्याचा थोडा अभिमानही होता. तो काल गेला.

खाला, तू न्हाणीत पडलीस आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात ऑपरेशन झेपणार नाही. तेव्हापासून तू मागच्या खोलीतल्या खाटेवर. सुरुवातीला मी रोज येत होते. तुझे केस विंचरायची, तू गल्लीच्या बातम्या विचारायचीस. मग कधीपासून ते दार लागायला लागलं, मला सांगता येत नाही. मी दालचा घेऊन यायची, नसरीन ओसरीवरच भांडं हातात घ्यायची. 'झोपल्यात अम्मी.' परत गेले, 'झोपल्यात.' एकदा मी मोठ्यानं हाक मारली. आतून तुझा आवाज आला, 'बरंय रज्जू. जा तू.'

'जा तू' म्हणालीस. तू. जिनं मला कधी चहाशिवाय उठू दिलं नाही.

का म्हणालीस, खाला? तुला वास येत होता का स्वतःचा? नमाजाआधीच्या वुजूचं पाणी ओढणीवर उडालं तरी ती बदलणारी तू. मला आत घेतलं असतंस तर एका नजरेत सगळं कळलं असतं, म्हणून म्हणालीस का? तुझ्या सलीमला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून? तू लेकाची सतर करत होतीस, आणि मी दाराबाहेर दालच्याचं रिकामं भांडं घेऊन तुझं ऐकून निघून गेले. तुझ्या शब्दाला मान दिला. किती सोपं होतं ते.

मग तुझी आंघोळ मी घातली.

अंगणात चादरींचा आडोसा केला होता. आत मी आणि पाणी ओतायला नसरीन, दोघीच. बाकीच्या बायका मदतीला येत होत्या, नसरीननं कुणाला येऊ दिलं नाही, आणि मला त्यात काही वाटलं नाही. तुझा चेहरा खरंच शांत होता. मी चादरीखाली हात घातला, नजर दुसरीकडं ठेवली, तू शिकवलं होतंस तसं. डोळ्यांनी बघितलं नाही. पण हाताला कळलं. मग तुला कुशीवर वळवलं, आणि जो भाग बघायची मनाई नाही तिथं डोळ्यांनाही दिसलं. पाठीला, टाचांना, कोपरांना. पडून पडून झालेल्या जखमा, जुन्या, आतपर्यंत गेलेल्या. कूस बदललीच नव्हती कुणी. ह्याहून जास्त इथंही लिहीत नाही.

नसरीनच्या हातातला तांब्या मी काढून घेतला. आम्ही एकमेकींकडं बघितलं नाही. मी इतकं हलकं पाणी आयुष्यात कुणावर ओतलं नसेल. मेलेल्याला दुखतं का, खाला? तू म्हणायचीस, दुखतं असं समजूनच हात लावायचा.

कफन गुंडाळलं. सगळं झाकलं गेलं.

तुझी लेक शबाना वडवणीहून पोचली तेव्हा फक्त चेहरा उघडा होता. ती बस बीडला चुकल्यामुळं उशिरा आली. माझा हात धरून तिनं विचारलं, 'आपा, तूच घातलीस ना आंघोळ? अम्मी कशी होती?'

मी म्हणाले, 'चेहऱ्यावर नूर होता, तेज होतं, शबाना. लई शांत होती.'

खोटं नव्हतं. चांगलं दिसलेलं सांगावं, हाच तर कायदा. माझ्या मनात तर हेही आलं की खालानं ऐकलं असतं तर पाठ थोपटली असती.

तिसऱ्या दिवशी जियारतला, तुझ्यासाठी दुआ मागायला, सगळे बसले होते. खालूंना लकवा होऊन वर्ष झालेलं, पण तोवर ते काठी घेऊन ओसरीपर्यंत यायचे. त्या दिवशी नुसते भिंतीला टेकून बसले होते. आणि शबाना सगळ्यांसमोर बोलली. 'मी अब्बांना वडवणीला न्यायचं ठरवून आले होते. हे पण म्हणाले होते, आण त्यांना, त्यांचं अंगाचं सगळं मी करतो. पण आपानं सांगितलं अम्मी कशी गेली ते. दादानं अन् भाभीनं लई केलं अम्मीचं. आता अब्बांना ह्या घरातून उपटून कावून नेऊ? इथंच ऱ्हाऊ द्या.'

बायका मान हलवत होत्या. कुणी तरी म्हणालं, असा मुलगा नशिबानं मिळतो. सलीम खाली सतरंजीकडं बघत होता. मला एक वाक्य बोलायचं होतं. 'ने त्यांना.' एवढंच. कुणाचं काही उघडं पडलं नसतं. पण मी म्हणाले असते तर शबानानं विचारलं असतं, का? आणि त्या 'का'ला माझ्याकडं सतरमध्ये बसेल असं उत्तर नव्हतं. मी सरबताचे पेले गोळा करायला उठले.

चाळिसाव्याला जेवणं चालू होती तेव्हा मी मागं पाणी आणायला गेले. बंद दारातून तो वास आला. धुणारीला तो वास चुकत नाही. नसरीन माझ्या आणि दाराच्या मध्ये येऊन उभी राहिली. 'झोपलेत अब्बा.' तोच शब्द, त्याच आवाजात.

म्हणून काल देगची आणायला मी मुद्दाम सलीम दुकानावर असताना गेले.

'झोपलेत अब्बा,' ती म्हणाली.

'मग झोपलेल्याला बघून जाते.'

'उघडे असतात ते, आपा. बाईमाणसानं कावून जायचं आत?'

'पांघरूण घाल अन् दार उघड.'

ती उभीच राहिली. मग म्हणाली, 'तुमाला समदं ठाऊक हाय. त्या दिवशी तुमी काय बोलला न्हाईत. आता कावून?'

मी दाराकडं पाऊल टाकलं.

मग तिलाच रडू फुटलं, आणि रडता रडता ती चिडली. 'मी एकटी हाय. सकाळी तीन पोरं, दुकानाचा डबा, पाणी. माझी स्वतःची कंबर धरलीय. सासऱ्याचं अंग मी कसं धुवू? यांना म्हणलं, तुमी बापाची कूस तरी बदला. तर म्हणतात, मला उलटी येती. बापाची उलटी येती! अम्मीच्या वेळी पण तेच. बाई लावू म्हणलं, तर म्हणतात, गाव काय म्हणंल, आईला परक्या बाईच्या हाती दिलं. मग जखमा झाल्या. मग कुणाला आत घ्यायची लाज. आधी एक दिस दार लावलं, मग उघडायचं कसं तेच कळंना.'

मी म्हणाले, 'शबानाला सांगू या.'

'न्हाई आपा. ती आयुष्यात या घराची पायरी चढणार न्हाई. माझ्या आईबापाला शिव्या देईल. तुमीच बायकांना बसवून सांगता ना, सतर म्हंजी काय ते? मग आमचं पण झाका की.'

खाला, तुझा शब्द माझ्यावर असा कुणी तरी टाकेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी तिला बाजूला करून आत गेले. तिनं अडवलं नाही. मला तर वाटतं, मी आत जावं असंच तिला हवं होतं. खालू भिंतीकडं तोंड करून पडले होते. अंगावर चादर होती. मी दारातच थांबले, माझी मर्यादा मला ठाऊक आहे, ते माझे मावसे असले तरी त्यांचं अंग मी धुवू शकत नाही. मी नुसती हाक मारली. त्यांनी मान वळवली. लकव्यानं जीभ जड झालीय, पण मला कळलं, ते म्हणाले, 'दार... उघडं.' निघताना मी नसरीनला म्हणाले, 'दार लावू नको.'

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. तुझं पण. तुझी सतर मोडली ती तिथं, पहिल्यांदा, आमच्या स्वयंपाकघरात. ह्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, 'सलीम तुझा भाऊ, शबाना तुझी बहीण. एकाचं दुसऱ्याला सांगून दोघंही तुटतील. जे झालं ते मातीखाली गेलं.'

'खालू अजून मातीवर हायेत,' मी म्हणाले.

'मी बोलतो सलीमशी मशिदीत. बघतो.'

ह्यांचं 'बघतो' मला लग्नापासून माहीत आहे. छपराची गळती अजून बघतायत.

माणूस वाईट नाहीत हे. सलीमही वाईट नाही, हेच तर अवघड आहे. तुझ्या जनाज्याला खांदा देऊन तो कब्रस्तानापर्यंत एकदाही खांदा न बदलता गेला, सगळ्यांनी बघितलं. तुझं ओझं त्याला उचलता आलं. तुला हात लावता आला नाही. असं कसं असतं माणूस, खाला?

नमाजानंतर मी कुराणाची किताब उघडून बसले. मराठी अर्थ वाचते मी, उर्दू सावकाश वाचता येते पण अर्थ मनात मराठीतच उतरतो. एका आयतीत आहे की गवाही लपवू नका, जो लपवतो त्याचं काळीज गुन्हेगार होतं. हे मी आधीही वाचलेलं आहे. पण ते मला कोर्टकचेरीचं वाटायचं. देण्याघेण्याच्या व्यवहाराचं. माझ्याकडं कसली आली गवाही? मी तर झाकणारी.

आता दोन हुकूम समोरासमोर उभे आहेत. झाक, म्हणून एक सांगतो. लपवू नको, म्हणून दुसरा. दोन्ही त्याचेच हुकूम. मी मॅट्रिक बाई, धर्म शिकलेली आलिम नाही. कुठल्या हुकुमाची जागा कुठं संपते हे ठरवायला मी कोण? बीडला जाऊन कुणा जाणत्याला विचारावं असंही मनात आलं. पण तिथं तुझं नाव घ्यावं लागेल, आणि उत्तर यायला दिवस जातील. जखमा वाट बघत नाहीत, हे मी हातानं शिकले आहे.

म्हणून जे हातानं शिकले तेच पुन्हा पुन्हा आठवत बसले. आपण मय्यतीवर चादर टाकतो ती कशासाठी? टाकून निघून जाण्यासाठी नाही. चादरीखाली हात चालू असतो. चादर असते म्हणूनच तर लाज न वाटता तिला नीट, शेवटपर्यंत स्वच्छ करता येतं. नुसती चादर टाकली आणि हात घातलाच नाही, तर त्याला गुस्ल कोण म्हणेल? ती मय्यत तशीच नापाक राहील, वर कापड कितीही पांढरं असो. तुझ्या घरात सगळ्यांनी चादर टाकली. सलीमनं टाकली, नसरीननं टाकली. तूही आतून टाकलीस. वरून मीही टाकली, नूर म्हणून. आणि खाली हात कुणाचाच नव्हता.

मला हे बरोबर कळलंय की मी माझ्या सोयीचं काढतेय? तू असतीस तर एका शब्दात सांगितलं असतंस. आता तू नाहीस आणि मला चुकायची भीती वाटते. आयुष्यभर मी काटकसरीनं जगले, बोलण्यातही. आणि जो शब्द एकदा तोंडातून जाईल तो परत वहीत खोडून दुरुस्त करता येणार नाही.

आणि शबानाचं काय? आत्ता तिच्या डोळ्यांपुढं तुझा शांत चेहरा आहे. मी बोलल्यावर तो राहणार नाही. ती रोज रात्री कूस बदलेल तेव्हा तिला तू आठवशील. तिच्या भावाच्या घरची ईद तुटेल. मला म्हणेल, मग तेव्हा का नाही बोललीस? कदाचित माझ्याशीही बोलणं टाकेल, आणि तुझ्यानंतर माझ्या माहेरचं म्हणून जे माणूस उरलंय ते तीच आहे.

तुझ्यावर रागही येतो, खाला. खरं सांगते. तू झाकायला शिकवलंस, पण स्वतःसाठी हाक मारायला शिकली नाहीस. एकदा, फक्त एकदा त्या दारातून म्हणाली असतीस, 'रज्जू, आत ये,' तर मी दार तोडून आले असते. नसरीनला मी ओरडले असते, भांडले असते, आणि मग आम्ही दोघींनी मिळून तुला धुतलं असतं. जिवंत. कोमट पाण्यानं. मेल्यावर जे सगळं केलं ते. मला येत होतं ना सगळं! तूच तर शिकवलं होतंस.

तुझी मर्जी वेगळी असेल. कदाचित तू म्हणशील, मी गेले ते गेले, माझ्या लेकाला गावात मान आहे तो राहू दे. म्हण. ह्या एका गोष्टीत मी तुझं ऐकणार नाही. तुझ्या हयातीत तुझं ऐकून मी दारातून परत फिरले, ते पुरे झालं.

मी काय करणार ते तुला आधी सांगून ठेवते.

उद्या सकाळी नसरीनला भेटेन. तिला न सांगता मी पुढं जाणार नाही, ती बिचारी त्या आंघोळीच्या दिवसापासून माझ्या तोंडाकडं बघतेय. तिला म्हणेन, मी वडवणीला चाललेय, तुला यायचं तर माझ्याबरोबर ये आणि तुझ्या तोंडानं सांग. आली तर बरं. नाही आली तर मी एकटी जाईन. बीडला गाडी बदलेन. शबानाच्या घरी तिला एकटीला बसवेन. जावयाला, पोरांना, कुणाला तिथं थांबू देणार नाही. तिला एवढंच सांगेन की त्या दिवशी मी तुला अम्मीच्या चेहऱ्याचं सांगितलं, पाठीचं सांगितलं नाही. पाठीला काय होतं, किती होतं, हे ती खोदून विचारेल. ते मी सांगणार नाही, कितीही रडली तरी. तेवढी तुझी सतर माझ्याजवळ शेवटपर्यंत राहील. पण खालूंचं सगळं सांगेन, जसं आहे तसं, आणि म्हणेन, आजच्या गाडीनं नवऱ्याला घेऊन चल.

गल्लीत बोललं जाईल. रजियानं मय्यतीची गोष्ट बाहेर काढली म्हणतील, आणि पुढं कुणी बाई वारली तर मला बोलावतील का, ठाऊक नाही. नाही बोलावलं तर नवीन मुलींपैकी कुणी तरी घालेल आंघोळ. त्यांना मी सतर शिकवली आहे, अर्धीच. उरलेली अर्धी त्यांना सांगायला मला आता बसावं लागेल, त्या ऐकतील तर.

माझं चुकत असेल, तर तो सत्तार आहे, माझ्या ह्या बोलण्यावरही पांघरूण घालेल एवढीच आस. तू मात्र रागावलीस तरी चालेल.

माझा शब्द देते, खाला. खालूंना ज्या दिवशी कुणी तरी नीट धुवून, कोरडं करून, स्वच्छ चादरीवर कुशीला झोपवलेलं असेल, त्या दिवशी मी कब्रस्तानाकडं येईन. आत आम्हा बायकांना सोडत नाहीत. मी भिंतीबाहेर, रस्त्यावर उभी राहून सलाम करेन आणि मोठ्यानं सांगेन, येणाऱ्याजाणाऱ्यानं ऐकलं तरी हरकत नाही, की खालूंच्या खोलीचं दार उघडं आहे.

तुझी,
रज्जू